मायले काशीले न्यायचं हाये, पायऱ्या उतरवत नाई. कसं जमवावं?

कळंबवाला

राम राम मंडळी.

मायचं वय 68. बाबा जाऊन दोन वर्षं झाले. तेव्हापासून तिचं एकच पालुपद, "मले एकडाव काशी दाखव." दोन साल कापसानं दगा दिला. यंदा तूर बरी दिसून रायली, त्याच्यामुळं तोंडातून हो निघून गेलं अन् तिनं सांजच्यापर्यंत अख्ख्या गल्लीत सांगून टाकलं. आता माघार नाई.

जानारे चौघं. माय, मावशी (वयानं मायपेक्षा दोन वर्षं लहान, तोंडानं दहा वर्षं मोठी), मी अन् बायको. मायचे दोन्ही गुडघे गेले हायेत. सपाटीवर चालते, पायरी आली का कठडा धरून एकेक पाय. मी सोता नागपूरच्या वर कधी गेलो नाई. शेगाव अन् पंढरपूर, एवढाच माहा प्रवास.

दिवाळी झाल्यावर जावं का तूर निघाल्यावर? संघमित्रा एक्स्प्रेस बनारसले जातच नाई म्हनते, मुगलसरायले उतरा लागते, मंग पुढं कसं? राहाचं कुठं? पंडे लुटतात म्हनते ते किती खरं? मावशी म्हनते प्रयागही कराच. पाच-सहा दिवसांच्या वर वावर सोडता येत नाई, हरभऱ्यात रात्री डुकरं घुसतात. कोनी अशात जाऊन आलं असंल त सांगजा.

वेणाकाठ

दिवाळीचं डोक्यातून काढा. दिवाळी ते छठपूजा तिकडे जाणाऱ्या गाड्यांत रिझर्वेशन असूनही आपल्या सीटवर आपण बसू याची खात्री नाही. संडासापर्यंत माणसं बसलेली असतात. म्हाताऱ्या माणसाला घेऊन तर विषयच नको.

आता तिकीट 60 दिवस आधी निघतं, पूर्वीसारखं 120 नाही. साठावा दिवस मोजून ठेवा अन् सकाळी 8 ला बसा. तत्काळच्या भरवशावर राहू नका.

एक युक्ती. माय आणि मावशीचं तिकीट वेगळं काढा, दोघींचंच. खालच्या बर्थचा जो कोटा आहे तो बाईला 45 च्या पुढं मिळतो, पण त्या तिकिटावर एकटं किंवा दोघंच पाहिजेत. तुम्ही चौघांचं एकत्र काढलं की कोटा गेला. मग नागपूरपासून लोकांच्या हातापाया पडत जा, "भैया, नीचे का दे दो."

पांदण रस्ता

कळंबवाले भाऊ, मी मागच्या साली माझ्या मायला नेऊन आणलं. वय 71, गुडघे तुमच्या मायसारखेच. माझ्या चुका आधी सांगतो, तेवढ्या तरी तुमच्या वाचतील.

पहिली चूक खोलीची. मोबाइलवर फोटो पाहिला, खिडकीत गंगा, खाली लिहिलं होतं घाटापासून दोन मिनिटं. दोन मिनिटंच होती, खोटं नाही. पण ती उभी होती. रिक्षावाल्यानं गोदौलियाला उतरवून दिलं, पुढं गाडीला बंदी. मग गल्ली, गल्लीत गाय, गाईच्या बाजूनं मोटारसायकल, आणि शेवटी दगडी पायऱ्या, एकेक पायरी वीतभर उंच. बाविसाव्या पायरीवर माय बसली. कशी मोजली म्हणाल तर तीच मोजत होती मोठ्यानं. म्हणते, "तुमी या पाहून, मी इथूनच पाहतो काशी." चहावाल्यानं स्टूल दिला, अर्धा तास त्याच्या दुकानापाशी आमचा संसार. दुसऱ्या दिवशी खोली बदलली, पहिलीचे पैसे गेले.

म्हणून सांगतो, देव-घाट सगळं नंतर, आधी मायच्या गुडघ्यांवरून आखा. राहायला अस्सी घाटाकडं पाहा, तिथं रस्ता घाटाच्या जवळ येतो. फोन करून तीनच गोष्टी विचारा. ई-रिक्षा दारापर्यंत येते का, खोली खालच्या मजल्यावर आहे का, कमोड आहे का. "सब हो जाएगा" असं उत्तर आलं की दुसरीकडं फोन लावा. गंगेचा व्ह्यू नका मागू, तो नावेत बसल्यावर फुकट मिळतो. फुकट म्हणजे, नावेच्या पैशात.

कधी जायचं तर माघी पौर्णिमा झाली की निघा आणि शिवरात्रीच्या चार दिवस आधी परतीच्या गाडीत बसा. डिसेंबर-जानेवारीत तिकडं धुकं असं पडतं की गाड्या आठ-आठ तास लेट. प्रयागला पौष पौर्णिमेपासून माघमेळा, त्यात मौनी अमावास्येला तर चुकूनही नाही. शिवरात्रीला काशीत पाय ठेवायला जागा नसते, आणि ती झाली की होळीला घरी जाणाऱ्यांनी गाड्या भरतात. मधले दहा-अकरा दिवस आपले. तोवर तुमची तूरही खळ्यातून निघाली असंल. श्रावणात जावं असं मावशी म्हणतील, त्यांना सांगा की तेव्हा गंगा घाटाच्या पायऱ्या गिळून वर आलेली असते, नावा बंद, आरतीसुद्धा वर गच्चीवर करतात.

संघमित्रा मुगलसरायलाच जाते, बरोबर. स्टेशनचं नाव आता पंडित दीनदयाल उपाध्याय जंक्शन, 2018 पासून. तिथले कुली अजून मुगलसरायच म्हणतात. गंगा कावेरी एक्स्प्रेसचा दिवस जुळला तर तीही नागपूरवरून जाते आणि थेट बनारसला सोडते. पण मुगलसरायला उतरावं लागलं म्हणून नाराज होऊ नका. तिथून बनारस सोळा-सतरा किलोमीटर. रात्र असली तर ऑटो करा, दिवस असला तर मिळंल त्या गाडीनं जा आणि मायला डाव्या खिडकीशी बसवा. राजघाटाचा मालवीय पूल लागतो, इंग्रजांनी 1887 मध्ये उघडलेला. पुलावर गाडी हळू होते अन् डाव्या हाताला सगळे घाट एका नजरेत दिसतात, विळ्याच्या पात्यासारखे वळलेले. माझ्या मायनं कमरेच्या पिशवीतून रुपया काढला, गजाच्या फटीतून टाकला, तो लोखंडावर टण्‌कन वाजून परत डब्यात आला. दुसरा टाकला. तो गेला. मगच बसली.

विश्वनाथाचं सांगतो. 2021 च्या डिसेंबरात नवा कॉरिडॉर झाला, त्याच्यामुळं आत मोकळं अंगण आहे, पहिल्यासारखी गल्लीतली चेंगराचेंगरी नाही. पण रांग ती रांगच. मोबाइल, बॅग, स्मार्ट घड्याळ, काही नेऊ देत नाहीत. बाहेरचे दुकानदार "लॉकर फ्री है माताजी" म्हणून बोलावतात, लॉकर फुकट आणि फुलांची परडी सोन्याच्या भावात. सगळं खोलीवर ठेवून जा, खिशात पैसे अन् आधार, बस. सुगम दर्शनाचं तिकीट देवस्थानाच्या स्वतःच्या साइटवर मिळतं, मायसाठी तेवढा खर्च करा, कंजूषी करू नका. गेटवर व्हीलचेअरचं विचारा. माय नको म्हणंल, माझीही म्हणाली होती, "मी का लुळी हावो?" बसली मात्र. सोमवार टाळा.

आणि रोज एकच. सकाळी एक ठिकाण, दुपारी झोप, संध्याकाळी घाट. कालभैरव, अन्नपूर्णा, दुर्गाकुंड, संकटमोचन, सगळं एका दिवसात उरकणारे ऑटोवाले आहेत. त्यांचं ऐकलं तर रात्री मायचे पाय चेपत बसाल.

कळंबवाला

भाऊ, लय उपकार. मायले वाचून दाखवलं, बाविसाव्या पायरीवर हसत होती. नावेचं अन् पंड्याचं राहूनच गेलं. आमच्या मायच्यानं कोनाले नाई म्हनवत नाई, तेच भेव वाटते.

पांदण रस्ता

पंड्याचंच सांगणार होतो, हात दुखला म्हणून थांबलो.

दशाश्वमेधावर माय पाण्यात पाय सोडून बसली होती. मी दहा पावलांवर चपला सांभाळत. एक जण आला, हातावर पाणी दिलं, कुश दिला, गोत्र विचारलं. तो सांगंल ते माय त्याच्या मागून म्हणत गेली, शाळेत पाढे म्हणावे तशी. मधातच त्यानं "इक्कीस हजार दान करूँगी" घातलं. तेही म्हणाली. मग तो माझ्याकडं वळला. "माँजी के मुँह से निकला है, गंगा मैया सुन रही है।" मी वाद घातला, पाचशे दिले, उठवून आणलं. पैशाचं काही नाही. पण माय त्या रात्री झोपली नाही. "मी गंगेपाशी खोटं बोललो," एवढंच. दुसऱ्या दिवशी परत जाऊन तिनं एकटीनं ओंजळ सोडली, काय बोलली ते मला सांगितलं नाही.

सगळे तसे नसतात. आपल्याकडच्या पुष्कळ घराण्यांचे तिथं ठरलेले तीर्थपुरोहित आहेत, त्यांच्या वहीत पणजोबाची सही निघते. गावातल्या जुन्या माणसाला नाव विचारून जा. ब्रह्माघाट-दुर्गाघाटाकडं पिढ्यान्‌पिढ्यांची मराठी घरं आहेत, तिकडं मराठीत बोलणारे गुरुजी भेटतात. दक्षिणेचा आकडा पाण्यात हात घालायच्या आधी ठरवा. मायला गाडीतच पढवून ठेवा, मंत्र म्हण, आकडा म्हणू नको.

मणिकर्णिकेला कोणी "ऊपर से अच्छा दिखेगा" म्हणून माडीवर नेऊ लागला तर जाऊ नका, वर गेल्यावर गरिबाच्या सरणाच्या लाकडासाठी किलोच्या भावानं पैसे मागतात. नावेतून दिसतं तेवढं पुरे. फोटो अजिबात काढू नका. आपल्या मसणात कोणी मोबाइल काढला तर आपण काय करू?

नाव सकाळची घ्या, उजाडायच्या आधी, अस्सीवरून. पूर्ण नावेचे पैसे की माणशी, हे आधी बोला, आणि कुठवर नेणार तेही. आम्हाला सांगितलेला भाव निम्म्यावर आला. चढताना फळीवरून जावं लागतं तिथं मायला जड जातं, नावाड्याला म्हणा ओट्याला लाव. गंगा तिथं उत्तरेला वाहते, शहर सगळं एकाच काठाला, समोर नुसती रेती. सूर्य त्या रेतीवरून वर येतो आणि घाटांच्या तोंडावर पडतो. मला वाटलं होतं माय हात जोडून रडंल-बिडंल. ती निवांत शेंगदाणे खात होती. नावाडी एकेक नाव सांगत होता, ती हूं हूं करत होती. "ये भोंसले घाट, नागपुर के राजा का," म्हटल्यावर ताठ बसली. "आपल्या नागपूरचा?" मग मागं वळून तो घाट दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिली. घाटावर भोसल्यांचं लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे. त्याच्या जरा अलीकडं शिंद्यांचा घाट, तिथं रत्नेश्वराचं देऊळ एका बाजूला कललेलं, आपल्या गोठ्याच्या खांबासारखं. विश्वनाथाचं आताचं देऊळही अहिल्याबाईंनी 1780 मध्ये बांधलेलं. निम्मा घाट आपल्याच लोकांनी बांधलाय असं मायचं मत झालं, गावभर तेच सांगते आता.

खायचं काय. सकाळी कचोरी-भाजी अन् जिलेबी, ही भारी. थंडीत मलइयो मिळतो, दवात ठेवलेल्या दुधाचा फेस, मातीच्या कुल्हडात, तोंडात घातला की नाहीसा. दहा वाजेपर्यंत संपतो. दोन दिवसांनी बुढ्या तिखटासाठी तडफडतात, म्हणून जवसाची चटणी अन् ठेचा बांधून न्या. खर्रा खाणारं कोणी सोबत असंल तर हिशेबानं घेऊन चला, तिकडं पान आहे, खर्रा नाही. आणि घाटावर थुंकू नका. गाडगेबाबा आपल्या वऱ्हाडातले, तेवढी तरी लाज ठेवू.

मास्तरीणबाई

पांदण रस्ता यांनी बहुतेक सगळं सांगितलं. दोन-तीन गोष्टी भर घालते.

प्रयाग येताना करा. संघमित्रा प्रयागराज छिवकीला थांबते, म्हणजे काशीहून सकाळी रस्त्यानं प्रयागला या (सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर), संगम करा आणि परतीची गाडी छिवकीहूनच धरा. तिकीट काढतानाच तसं काढायचं. संगमावर नावेत बसून मधोमध जावं लागतं, तिथं दोन नावांमध्ये फळ्या टाकलेल्या असतात, त्यावरूनच बुडी मारता येते. आईंना खाली वाळूत उतरायची गरज नाही.

वेणीदान तिथलंच. ते सुवासिनीचं, नवऱ्यानं वेणीचं टोक कापायचं असतं. तेव्हा ते तुमच्या बायकोचं होईल, आईंचं नाही. तिला आधी विचारा, गुरुजींसमोर विचारू नका. माझ्या वेळी मला कोणी विचारलं नव्हतं.

गंगाजळ काशीतून भरू नका, प्रयागहून भरा. आमच्या सासूबाई सांगत, काशीच्या पाण्या-मातीतल्या जिवाला मुक्ती मिळायची असते, तो आपण उचलून आणला तर पाप आपल्या माथी.

आणि काशीला जाऊन एखादं आवडीचं फळ किंवा भाजी सोडायची असते. आईंनी आताच ठरवून ठेवलं तर बरं. घाटावर घाईत लोक भलतंच काही सोडतात आणि मग जन्मभर हळहळतात. आमच्या शेजारच्या काकांनी आंबा सोडला होता. दर मे महिन्यात त्यांचा चेहरा पाहवत नसे.

पांदण रस्ता

गंगाजळाचं हे मला माहीत नव्हतं. आम्ही काशीतूनच पाच लिटरची कॅन भरून आणली अन् मावंद्याला गावभर वाटली. आता मायला सांगत नाही, नाहीतर परत जावं लागंल.

निळी पाटी

जय भीम, राम राम सर्वांना.

सगळे घाटातच अडकले. सारनाथ कोणीच लिहिलं नाही. बनारसपासून दहा किलोमीटर. भाऊ, तुमच्या आईच्या गुडघ्यांसाठी याच्यापेक्षा चांगली जागा नाही. सगळी सपाट हिरवळ, झाडं, बसायला बाकडी, आणि शांतता. बुद्धानं पहिला उपदेश पाच भिक्खूंना इथंच केला. धमेक स्तूप 43 मीटरच्या आसपास उंच आहे, खालच्या दगडावरचं वेलबुट्टीचं काम जवळून पाहा, पैठणीचा काठ वाटतो. अशोकाचा स्तंभ तुटलेला तिथंच आहे, पण त्यावरचे चार सिंह म्युझियममध्ये आहेत. आपल्या नोटेवरचे तेच. म्युझियमला शुक्रवारी सुट्टी असते. माझा मोठा भाऊ हिंगणघाटहून एवढ्या लांब गेला आणि शुक्रवारीच पोहोचला. घरी आल्यावर खिशातली दहाची नोट काढून सिंह पाहिले त्यानं.

मूलगंधकुटी विहार 1931 चं आहे. आत भिंतींवर बुद्धाचं सगळं चरित्र काढलंय, कोसेत्सु नोसु नावाच्या जपानी चित्रकारानं. माझी आई वाचायला शिकलेली नाही, तिनं एका भिंतीपासून सुरू करून मला सगळी गोष्ट सांगितली, एकही प्रसंग चुकला नाही. दीक्षाभूमीच्या सोहळ्यानंतर महिनाभरानं, 1956 च्या नोव्हेंबरात, बाबासाहेब काठमांडूच्या परिषदेहून परतताना सारनाथला येऊन गेले होते. आई स्तूपापाशी बराच वेळ उभी होती. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "बाबा इथून चालले असतील ना."

दुपारचं ऊन टाळून जा. ऑटो जाऊन-येऊन ठरवा आणि साडीच्या दुकानात नेणार नाहीस असं वदवून घ्या. नेतोच, पण तरी.

वेणाकाठ

साडीच्या दुकानात आमच्या घरचे दोन तास बसले होते. सारनाथ वीस मिनिटांत उरकलं. निळी पाटी यांना अनुमोदन.

कळंबवाला

मंडळी, तिकीट काढलं. माघी पौर्णिमेनंतरच्या तिसऱ्या दिवशी नागपूरहून. माय-मावशीचं वेगळं काढलं, दोघींच्या खालच्या बर्थ लागल्या. आमच्या दोघा नवरा-बायकोचं आरएसी हाये, एका सीटवर बसून जाऊ, लग्नात बसलो होतो तसे. परतीचं छिवकीहून काढलं. अस्सीकडं एका ठिकानी फोन केला, तीनही गोष्टी विचारल्या, तो म्हने कमोड नाई, पन प्लास्टिकची खुर्ची देतो मधात भोक असलेली. खरं बोलला म्हनून तेच बुक केलं. सारनाथ गुरुवारी ठेवलं. वेनीदानाचं बायकोले विचारलं, "पाहू" म्हनाली.

डुकरांसाठी चुलतभाऊ जागलीले येतो म्हनाला, बदल्यात त्याले पाच किलो तूर अन् बनारसचं पान. पान सहा दिवस कसं टिकवावं हे कोनाले ठाऊक असंल त सांगजा.

अन् सोडायचं काय, त्याच्यावर काल रात्री दोघींचं चाललं होतं. मावशी शेपू सोडनार हाये, जो तिनं जन्मात खाल्ला नाई. माय बराच वेळ काई बोलली नाई. मंग म्हने, "मी सीताफळ सोडतो." आमच्या धुऱ्यावर एकच झाड हाये सीताफळाचं, बाबानं लावलेलं. मावशी म्हने, "अवो, मंग त्या झाडाचे कोन खाईन?" तर माय म्हने, "हे खातील ना लेकरं."